मुळशी पॅटर्न (चित्रपट): प्रेक्षकांचे अभिप्राय

'मुळशी पॅटर्न' हा २३ नोव्हेंबर २०१८ रोजी प्रदर्शित झालेला मराठी गुन्हेगारीपट होय. त्याचे लेखन व दिग्दर्शन मूळचे मुळशी तालुक्यातीलच असलेल्या प्रवीण तरडे यांनी केले असून ओम भूतकर, उपेंद्र लिमये, मोहन जोशी व महेश मांजरेकर यांच्या त्यात प्रमुख भूमिका आहेत. टोळीप्रमुख नान्याभाईची भूमिका स्वतः तरडे यांनी साकारली आहे. जमीन विकून देशोधडीला लागलेल्या शेतकऱ्याचा मुलगा 'रेकॉर्डवरील गुन्हेगार' कसा होतो, हा चित्रपटाचा विषय आहे. चित्रपट लोकप्रिय झाला. परंतु त्याच्याविषयीचे प्रेक्षकांचे मत प्रारंभापासून दुभंगलेले राहिले. एका गटाला तो शेतकऱ्यांना दिलेला इशारा वाटतो, तर दुसऱ्याला गुन्हेगारीचे उदात्तीकरण. एकाच कलाकृतीतून इतके विरोधी अर्थ का निघाले, हे समजण्यासाठी तिच्यामागील जमिनीचा व्यवहार आधी समजून घ्यावा लागतो.

कथानक आणि त्यामागील वास्तव

गावचा सखा पाटील आपली जमीन विकतो, आलेला पैसा उधळला जातो आणि कालांतराने ज्या मातीचा तो धनी होता तिथेच त्याला राखणदारी करावी लागते. पुढे हे कुटुंब पुण्याच्या बाजार आवारात हमालीवर जगू लागते. बापाचा अपमान सहन न झालेला मुलगा राहुल हाणामारीतून पोलिसांच्या नोंदीत येतो, टोळीत शिरतो आणि अखेरीस इतर शेतकऱ्यांच्या जमिनी बळकावणाऱ्या यंत्रणेचाच हस्तक बनतो. ज्या अन्यायातून तो घडला तोच अन्याय तो दुसऱ्यांवर करतो. चित्रपटाचे सर्वांत कठोर विधान हेच होय. मात्र गोळीबार व पाठलाग यांच्या गदारोळात अनेक प्रेक्षकांचे त्याकडे दुर्लक्ष झाल्याचे दिसते.

मुळशी तालुका पुणे शहराच्या पश्चिमेस आहे. हिंजवडीचे माहिती तंत्रज्ञान उद्यान याच तालुक्यात उभे राहिले आणि वरसगाव जलाशयाकाठच्या लवासा या डोंगरी नगराचा मोठा भागही याच तालुक्यात येतो. शहर जवळ येऊ लागले तशी जमीन एकराऐवजी गुंठ्यात आणि पुढे चौरस फुटात मोजली जाऊ लागली. एका एकरात ४० गुंठे, म्हणजेच ४३,५६० चौरस फूट असतात. शेतकरी एकराच्या भावाने विकतो, तर बांधकाम व्यावसायिक बिगरशेती परवाना मिळवून चौरस फुटाच्या भावाने विकतो. या दोन मापांमधील अंतरातच दलाल, मुखत्यारपत्रधारक आणि प्रसंगी गुंड यांचा निर्वाह होतो. विसार म्हणून थोडी रक्कम देऊन साठेखत करणे, भाऊबंदकीतील एखाद्या नाराज हिस्सेदाराला फोडणे, सातबाऱ्यावरील जुने नाव शोधून वाद उभा करणे आणि ताबा घेण्यासाठी माणसे पाठविणे, हे अशा व्यवहारांतील परिचित मार्ग आहेत. ताब्यासाठी पाठविली जाणारी ही 'माणसे' बहुधा अशाच जमीन विकलेल्या घरांतून येतात, असे चित्रपट सुचवितो. गुंठ्यांच्या विक्रीतून अचानक श्रीमंत झालेल्यांसाठी पुणे परिसरात 'गुंठामंत्री' हा उपहासात्मक शब्द रूढ झाला, तोही याच काळातील. श्रीमंती ओसरल्यानंतर त्या घराचे काय होते, हे मात्र तो शब्द सांगत नाही.

मुळशीला जमिनीच्या लढ्याचा याहून जुना इतिहास आहे. टाटांच्या जलविद्युत प्रकल्पासाठी मुळा नदीवर बांधल्या जाणाऱ्या धरणाविरुद्ध १९२१ साली येथे सत्याग्रह सुरू झाला. विनायकराव भुस्कुटे व पांडुरंग महादेव बापट हे त्याचे नेते होते आणि बापटांना 'सेनापती' ही उपाधी याच लढ्यातून लाभली. धरण झाले, गावे पाण्याखाली गेली. मात्र तेथील शेतकऱ्यांपुढे सक्तीचे संपादन उभे होते, तर चित्रपटातील सखा पाटील स्वतःच्या अंगठ्याने, निदान कागदोपत्री तरी स्वेच्छेने, जमीन गमावतो. म्हणूनच चित्रपट पाहून क्षुब्ध झालेल्या ग्रामीण प्रेक्षकाचा राग बाहेरच्या खरेदीदाराइतकाच घरातल्या विक्रेत्यावरही असतो. बाप-लेकाच्या संघर्षाचे प्रसंग बहुतेकांना सर्वाधिक भिडले, त्याचे कारण हेच असावे.

'पॅटर्न' या शब्दाचा प्रवास

मराठी वाचकाला 'पॅटर्न' हा शब्द प्रथम परिचित झाला तो 'लातूर पॅटर्न'मुळे. परीक्षेतील यशाची हमखास रीत, असा त्याचा अर्थ होता. तरडे यांनी तोच शब्द उलटा फिरविला: त्यांच्या शीर्षकात तो विनाशाची ठरलेली रीत सुचवितो. जमीन, पैसा, उधळपट्टी, हमाली, कोठडी, टोळी आणि मृत्यू, अशी ही साखळी आहे. प्रदर्शनानंतर मात्र शब्दाची दिशा पुन्हा बदलली. भररस्त्यात पाठलाग करून झालेल्या हल्ल्यांच्या बातम्यांना वृत्तपत्रे 'मुळशी पॅटर्न' असे मथळे देऊ लागली आणि तो शब्द खुनाच्या पद्धतीचा वाचक बनला. शेतकऱ्याची फसगत हा त्याचा मूळ आशय मथळ्यांतून गळाला, हा या चित्रपटाच्या लोकप्रियतेचा विचित्र परिणाम म्हणावा लागेल. शिवाय एका संपूर्ण तालुक्याचे नाव गुन्ह्याशी जोडले गेले. भात पिकविणाऱ्या आणि सत्याग्रहाचा वारसा सांगणाऱ्या मुळशीकरांना हे खटकणे स्वाभाविक आहे.

उदात्तीकरणाचा आक्षेप

विरोधी मताचा मुख्य आधार चित्रपटाच्या शेवटापेक्षा त्याच्या मध्यावर आहे. राहुलचा अंत हिंसक आहे आणि त्याच्या वाट्याला सुख येत नाही, हे आक्षेप घेणारेही मान्य करतात. तथापि तेथवर पोहोचेपर्यंत त्याचे चालणे, बोलणे, गाड्यांचा ताफा आणि भोवतीचा जयघोष पडद्यावर दिमाखाने दाखविला जातो. आदर्श शिंदे यांनी गायलेले 'आरारारा खतरनाक' हे गीत वराती व वाढदिवसांत वाजू लागले. तेथे नाचणाऱ्याला नायकाच्या मृत्यूची आठवण होण्याचे कारण नव्हते. तरुण प्रेक्षकाने संवाद उचलले आणि बोध मागे ठेवला, ही पालक व शिक्षकवर्गातून वारंवार व्यक्त होणारी तक्रार आहे.

समर्थकांचे उत्तर असे की, गुन्हेगारीचे आकर्षण दाखविल्याशिवाय तिच्यात माणूस का ओढला जातो हे सांगता येत नाही. हमालाच्या पोराला गावात प्रथमच कोणी 'भाई' म्हणते, त्या क्षणाची धुंदी प्रेक्षकाने अनुभवली नाही तर पुढील ऱ्हासाला वजन येणार नाही. हा युक्तिवाद बिनतोड नसला तरी सहज झटकून टाकण्याजोगाही नाही. तलवारीने केक कापणे, कोयते नाचवीत फिरणे यांसारख्या प्रकारांचे खापर एका चित्रपटावर फोडणेही घाईचे ठरते. अशा टोळ्या व त्यांचे प्रदर्शन चित्रपटापूर्वीही होते, किंबहुना चित्रपटाचे साहित्य तेथूनच आले.

मुंबईच्या संदर्भात हाच वाद पूर्वी झडून गेला होता. महेश मांजरेकर दिग्दर्शित 'वास्तव' (१९९९) या हिंदी चित्रपटातील रघू आणि जयंत पवार यांच्या 'अधांतर' नाटकावर आधारित 'लालबाग परळ' (२०१०) मधील गिरणगावचे तरुण हे राहुलचेच पूर्वज होत. तेथे १९८२ च्या संपानंतर गिरणी गेली, येथे शेत गेले. मांजरेकरांच्याच 'नाय वरनभात लोन्चा कोन नाय कोन्चा' (२०२२) या चित्रपटावरील वाद मात्र निराळ्या प्रकारचा होता; त्यातील अल्पवयीन पात्रांच्या दृश्यांवर आक्षेप घेतला गेला. 'मुळशी पॅटर्न'ला तशा रोषास सामोरे जावे लागले नाही, कारण त्याचा पाया घर, बाप आणि जमीन या सर्वमान्य भावनांवर आहे. अभिनयाविषयी, विशेषतः रंगभूमीवरून आलेल्या भूतकर यांच्याविषयी आणि पुणेरी ग्रामीण बोलीविषयी, दोन्ही गटांचे मत बहुतांशी अनुकूल आहे. स्त्री-पात्रांना पुरेसा अवकाश मिळाला नाही, हा आक्षेप तुलनेने कमी ऐकू येतो. तो अधिक ऐकू यावयास हवा होता. जमीन विकताना सही मागितली जाणाऱ्या, पण सल्ला न विचारल्या जाणाऱ्या बायकांची गोष्ट या विषयात अंगभूतच आहे.

परतीच्या वाटेचा प्रश्न

वाल्याचा वाल्मीकी झाला, ही कथा मराठी माणूस लहानपणापासून ऐकतो. गुन्हेगाराच्या परतीवर मराठी मनाचा विश्वास आहे, आणि त्याला चित्रपटाचाही आधार आहे. औंध संस्थानात आटपाडीजवळ स्वतंत्रपूर येथे कैद्यांची खुली वसाहत १९३९ साली सुरू झाली. त्या प्रयोगावरून ग. दि. माडगूळकर यांनी कथा रचली आणि व्ही. शांताराम यांनी १९५७ साली 'दो आँखें बारह हाथ' काढला. खुनाची शिक्षा भोगणारे सहा कैदी त्यात माळरानावर शेती पिकवितात. बर्लिनच्या महोत्सवात १९५८ साली त्याला रौप्य अस्वल मिळाले. या पार्श्वभूमीवर 'मुळशी पॅटर्न'मधील काळोख प्रेक्षकाला बोचतो. एकदा नाव पोलिसांच्या दप्तरी चढले की तडीपारी, मोक्का आणि प्रतिस्पर्धी टोळी यांखेरीज राहुलपुढे वाट उरत नाही. शांतारामांच्या कैद्यांना परत येण्यासाठी जमीन होती. राहुलची जमीन आधीच विकली गेलेली आहे. 'चित्रपट उपाय सांगत नाही' ही प्रेक्षकांची तक्रार वस्तुतः या फरकाविषयीची आहे.

मुळशीबाहेरचा प्रेक्षक

चित्रपटाचा संदेश, म्हणजे शेती विकू नये, राखावी, हा महाराष्ट्रात सर्वत्र सारख्याच अर्थाने लागू पडत नाही. जालना जिल्ह्याचे उदाहरण घेता येईल. तेथील शेती प्रामुख्याने पावसावर अवलंबून असून कापूस, सोयाबीन व मोसंबी ही तिची पिके होत. २०१२-१३ च्या दुष्काळात तेथील मोसंबीच्या बागा मोठ्या प्रमाणावर वाळल्या. तेथे जमीन सुटते ती सहसा चौरस फुटाच्या मोहाने नव्हे, तर पाण्याअभावी व कर्जापायी. जालना जिल्ह्यातून जाणाऱ्या मुंबई-नागपूर समृद्धी महामार्गासाठी झालेल्या भूखरेदीने मात्र मार्गालगतच्या गावांत मुळशीसारखी रोख रक्कम एकाएकी आणली. त्या पैशाचे काय करावे, हा चित्रपटातील प्रश्न तेथे शब्दशः उभा राहिला.

याच जिल्ह्यातील कडवंची गावाने पाणलोट विकास, शेततळी आणि द्राक्षबागा यांच्या बळावर वेगळाच 'पॅटर्न' घडविला. खरपुडीच्या कृषी विज्ञान केंद्राचे त्यास मार्गदर्शन लाभले. पुण्यालगत हडपसर येथे मगर कुटुंबीयांच्या पुढाकाराने शेतकऱ्यांनी सुमारे ४०० एकर जमीन एकत्र करून मगरपट्टा नगर स्वतःच वसविले, तेही याच पंक्तीतील. जमीन राखणे म्हणजे केवळ न विकणे नव्हे. तिच्यात पाणी किंवा भागीदारी असावी लागते. चित्रपट या बाजूला स्पर्श करीत नाही. शेतकरी पार्श्वभूमीच्या काही प्रेक्षकांना त्यातील उपदेश शहरात सुखरूप पोहोचलेल्या माणसाचा वाटतो, तो यामुळेच.

हिंदी रूपांतर

'अंतिम: द फायनल ट्रुथ' हे हिंदी रूपांतर २६ नोव्हेंबर २०२१ रोजी प्रदर्शित झाले. दिग्दर्शन महेश मांजरेकरांचे होते. राहुलची भूमिका आयुष शर्मा यांनी, तर पोलीस अधिकाऱ्याची सलमान खान यांनी केली. मूळ चित्रपटातील निरीक्षक विठ्ठल कडूच्या जागी येथे राजवीर सिंग हा शीख अधिकारी आला. प्रसिद्ध नट त्या भूमिकेत असल्याने कथेचा तोल गुन्हेगाराकडून पोलिसाकडे झुकला. मराठी प्रेक्षकांची बहुसंख्य तुलना मूळ चित्रपटाच्या बाजूने गेली. त्यांच्या मते हिंदीत जमिनीची व्यथा पार्श्वभूमीपुरती उरली आणि बोलीचा खडबडीतपणा हरवला. मराठीत कडूची भूमिका करणारे उपेंद्र लिमये हिंदीत नान्याभाई झाले.