ताप मोजता येणे हाही उपचारच

वरोऱ्याचा रुग्ण केमोथेरपी घेतो नागपुरात, पण तिचे परिणाम सोसतो घरी. औषधानंतर साधारण 7 ते 14 दिवसांत पांढऱ्या पेशी सर्वांत कमी होतात. तेव्हा 100.4 फॅरनहाइट ताप दिसला, की लगेच दवाखाना गाठायचा. गोळी घेऊन सकाळची वाट पाहणे जिवावर बेतू शकते. तंबाखूचा खर्रा खाणाऱ्यांच्या या मुलखात तोंडाचा कर्करोग ओळखीचा. रेडिएशनने तोंड सोलवटते, जबडा आखडतो. गुळण्या आणि जबड्याचे व्यायाम रोज रुग्णानेच करायचे. मग स्वतःची काळजी घेण्याच्या या क्षमतेला उपचाराबाहेरचे का मानायचे? न्यूयॉर्कमधल्या चाचणीत 766 रुग्णांपैकी काहींनी आपली लक्षणे नियमित कळवली, गंभीर लक्षण दिसताच परिचारिकांना सूचना गेली. 2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या आकड्यांनुसार लक्षणे कळवणाऱ्यांचा जगण्याचा मध्यक काळ 31.2 महिने भरला, इतरांचा 26.

हे शिकल्यासवरलेल्यांचे काम, असे कोणी म्हणेल. त्याच चाचणीत संगणकाची सवय नसलेल्यांना फायदा अधिक झाला होता. शिवाय बाबा आमटेंनी 1949 मध्ये वरोऱ्याजवळच कुष्ठरुग्णांसाठी आनंदवन उभारले; बधिर पाय रोज तपासणे हा कुष्ठरोगातल्या काळजीचा जुना पाठ, त्याला पदवी लागत नाही. दुसरा आक्षेप मात्र खरा आहे: स्वकाळजीच्या नावाखाली यंत्रणा अंग काढून घेईल. न्यूयॉर्कमध्येही नुसत्या नोंदीने भागले नसते, पलीकडे ऐकणारी परिचारिका होती. म्हणून घरी पाठवताना रुग्णाला थर्मामीटर द्यावा, तो घरच्यांकडून वाचून घ्यावा आणि रात्रीही उचलला जाणारा फोन नंबर द्यावा.