स्वप्नांची छापील पाने – लेखांक ६ : सोनगढचे जंगल आणि ‘क्षितिज’

मागच्या आठवड्यात आपण पॅरिसमध्ये होतो. १ डिसेंबर १९२४ रोजी तिथे ‘ला रेव्होल्यूसियाँ सुर्रेआलिस्त’ या अतिवास्तववाद्यांच्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला. लोकांना पडलेली स्वप्ने त्यात जशीच्या तशी छापली होती, मांडणी मात्र एखाद्या विज्ञान-मासिकासारखी कोरडी. स्वप्न हीसुद्धा एक नोंद आहे, असे त्या मंडळींना म्हणायचे होते. बारा अंकांनंतर, १९२९ मध्ये, ते बंद पडले.

आज सुरतेकडे येऊ. नंदुरबारहून सुरतेच्या गाडीत बसले की नवापूरच्या पुढे जंगल-डोंगर लागतात आणि मग सोनगढ येते. वर गायकवाडांचा किल्ला आहे. गुजराती साहित्याला आधुनिकतेकडे वळवणारे सुरेश जोशी इथे वाढले. त्यांचा जन्म ३० मे १९२१चा, वालोडचा. हे गाव अनेक वर्षे सुरत जिल्ह्यात होते, आता तापी जिल्ह्यात आहे. ‘जनान्तिके’मधले त्यांचे ललित निबंध या जंगलाकडे आणि तिथल्या अंधाराकडे पुन्हा पुन्हा वळतात. त्यांनी फ्रेंच कवी बोदलेअर गुजरातीत आणला हे खरेच. पण त्यांची प्रतिमासृष्टी पॅरिसहून आयात झाली, हे मला मुळीच पटत नाही. तिचे मूळ सोनगढच्या रात्रींत आहे.

१९५७च्या ‘गृहप्रवेश’ या कथासंग्रहात त्यांनी घटनेच्या तिरोधानाचा विचार मांडला. घटना पुसायची नाही, तिला पाण्याखाली जाऊ द्यायचे. कथा पुढे सरकते ती प्रतिमेच्या बळावर. स्वप्न तरी दुसऱ्या कशाच्या आधाराने चालते?

असे लेखन रुळलेल्या मासिकांत सहज मावणारे नव्हते. बडोद्याच्या विद्यापीठात शिकवता शिकवता जोशींनी ‘मनीषा’, ‘क्षितिज’, ‘ऊहापोह’, ‘एतद्’ अशी नियतकालिके चालवली. सुरतेला असे स्वतःचे नियतकालिक काढणे नवे नव्हते. तिथल्या सुधारक कवी नर्मदने १८६४ मध्येच ‘दांडियो’ काढून सनातन्यांशी वैर पत्करले होते. जोशींच्या भोवती जमलेल्या तरुणांत चित्रकार गुलाममोहम्मद शेखही होते. शेखांच्या ‘अथवा’ (१९७४) या संग्रहातल्या कवितांत चित्र आणि स्वप्न वेगळे काढता येत नाही. चित्रकार भूपेन खख्खर यांच्यासोबत त्यांनी १९६९ ते १९७३ या काळात ‘वृश्चिक’ हे नियतकालिक काढले.

आपला मराठी धागाही याच बडोद्यात आहे. पुरुषोत्तम चित्रे यांचे ‘अभिरुची’ मासिक तिथूनच निघे. त्यांचे चिरंजीव, कवी दिलीप चित्रे, पुढे मुंबईत ‘शब्द’ या लघुनियतकालिकाच्या मंडळींत होते. ते चक्रमुद्रित नियतकालिक १९५४ पासूनचे. ‘शब्द’ची हकिगत पुढच्या लेखांकात.

तोवर एक विनंती. सुरत-बडोद्याकडच्या नातेवाइकांच्या माळ्यावर ‘क्षितिज’ किंवा ‘अभिरुची’चे अंक असतील, तर ते रद्दीत जाऊ देऊ नका. सुरतेच्या अँड्र्यूज लायब्ररीसारख्या एखाद्या जुन्या ग्रंथालयात विचारून पाहा.