हरारेचं पत्र : डबीतला कापूस

हरारे : झिम्बाब्वे म्हटलं की आपल्याला क्रिकेट आठवतं, नाहीतर २००८ची महागाई. पण या देशाने २००० सालापासून प्राप्तिकरावर आणि कंपन्यांच्या करावर तीन टक्के एड्स अधिभार लावला आणि चलन मातीमोल झालं तरी तो उठवला नाही. गरिबाघरच्या या हिमतीचं मला फार मोल वाटतं.

इथे जन्मापासून एचआयव्ही असलेली मुलं औषधांमुळे वयात आली आणि नेमक्या त्याच वयात गोळ्या चुकवू लागली. कुणाचे आईवडील दक्षिण आफ्रिकेत कामाला, मूल आजीपाशी. वसतिगृहात गोळ्यांची डबी लपवायची कुठे? ‘मला काही होत नाही, मग गोळी कशाला?’ असा प्रश्न पडतोच. डॉक्टरांच्या दरडावण्याने पोर ऐकत नाही, दवाखान्यात यायचंच बंद होतं.

‘झ्वांदिरी’ या २००४मध्ये हरारेत सुरू झालेल्या उपक्रमाने या मुलांना गोळ्यांवर टिकवण्याची जबाबदारी पोरांवरच सोपवली. स्वतः उपचार घेणारे १८ ते २४ वर्षांचे तरुण प्रशिक्षण आणि मानधन घेऊन या मुलांचे सोबती म्हणून घरी जातात, फोन करतात, गटात बसवून बोलतं करतात. एका मुलाला डबीतल्या खुळखुळाटाची लाज वाटायची. ‘वरून कापूस भर,’ सोबत्याने सांगितलं. तो स्वतः तेच करत आला होता.

बिंदुरा आणि शाम्वा जिल्ह्यांत या उपक्रमाच्या झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २०२०मध्ये आले. सुमारे दोन वर्षांनी विषाणू आटोक्यात नसलेली किंवा दगावलेली मुलं नेहमीच्या दवाखान्यांत ३६ टक्के होती, सोबती असलेल्या ठिकाणी २५ टक्के.

हे लिहिताना सतत बीड डोळ्यांपुढे येतं. पालीच्या ‘इन्फंट इंडिया’त दत्ता आणि संध्या बारगजे यांनी अशा मुलांना आईबापाची माया दिली. पण सगळी मुलं पालीत नाहीत. ऊसतोडीच्या हंगामात कुणी आजीजवळ राहतं, कुणी टोळीबरोबर फडावर जातं. कोपीत आडोसा नाही, दवाखाना लांब, तारीख हुकते. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या उपचार केंद्रात, औषध मोफत आहे, समुपदेशकही आहेत. हवा आहे तो त्याच वयातून गेलेला, पगारी सोबती. दिवाळीनंतर टोळ्या हलण्याआधीच त्याने घरी जावं, पुरेशा गोळ्या आणि कारखान्याजवळच्या एआरटी केंद्राचा पत्ता मुलाच्या हाती द्यावा आणि आपला फोन नंबरही.