दुर्बीण घशात, नजर श्वासावर

बेसिल हिर्शोविट्झ यांनी १९५७ मध्ये मिशिगनला काचतंतूंची लवचीक दुर्बीण आधी स्वतः गिळली आणि मग रुग्णाच्या पोटात उतरवली. तिथून पुढची हकिकत भिंगं, कॅमेरे आणि पडद्यांची म्हणून सांगितली जाते. पण त्याच खोलीत आणखी एक प्रश्न उभा होता: गुंगीतल्या माणसाचा श्वास कोण बघणार? मला तोच मोठा वाटतो. दुर्बिणीच्या साध्या तपासणीत पोटाला इजा होईल, ही भीती सगळ्यांना असते. जिवावर बेततं ते मात्र बहुतेक वेळा श्वास आणि हृदयाकडून.

सुरुवातीच्या काळात डायझेपाम आणि जोडीला पेथिडीन देत. डायझेपाम शिरेत आग करायचं, गुंगीही लांबायची. त्यामुळे पाण्यात विरघळणारं मिडाझोलाम आलं तेव्हा त्याचं स्वागतच झालं. अमेरिकेत त्याला १९८५ च्या डिसेंबरात मान्यता मिळाली. डोस मात्र डायझेपामच्या सवयीनं ठरू लागले, आणि घात झाला तो तिथेच. हे औषध कितीतरी पट जोरकस, शिवाय पूर्ण परिणाम दिसायला दोन-तीन मिनिटं लागतात. रुग्ण अजून चुळबुळतोय म्हणून दुसरा डोस द्यावा, तर दोन्ही एकदम चढतात. मृत्यूंच्या नोंदी येऊ लागल्या. १९८८ मध्ये अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढे सुनावणी झाली. माहितीपत्रकात चौकटीतला इशारा आला आणि डोस खाली आणले गेले.

नेमकं काय घडत होतं, हे १९९० च्या एका छोट्या प्रयोगानं लख्ख दाखवलं. १२ धडधाकट स्वयंसेवक. नुसत्या मिडाझोलामनं कुणाचाही ऑक्सिजन धोक्याच्या पातळीखाली गेला नाही. नुसत्या फेंटानिलनं सहा जणांचा गेला. दोन्ही मिळून दिल्यावर ११ जणांचा गेला, आणि सहा जणांचा श्वास काही काळ थांबला. रक्तात कार्बन डायऑक्साइड साचला की मेंदू श्वास घ्यायला लावतो. फेंटानिलसारखी अफूच्या कुळातली औषधं ती जाणीवच बोथट करतात. वर मिडाझोलामची झोप आणि घशाचे सैल पडलेले स्नायू. त्यात त्या घशातून दुर्बीण गेलेली. आजारी, वयस्कर माणसाचं काय होत असेल, ते यावरून ताडता येतं.

ताकुओ आओयागी यांनी जपानमध्ये १९७४ साली मांडलेल्या कल्पनेतून पल्स ऑक्सिमीटर आला आणि बोटावरून ऑक्सिजन कळू लागला. २०२० च्या साथीत तो आपल्या घराघरांत पोचला, त्यामुळे ९४ आणि ९० मधला फरक आज गावातल्या आजीलाही ठाऊक आहे. एक गोष्ट मात्र कमी लोकांना माहीत असते: नाकाला ऑक्सिजन लावलेला असला, तर श्वास थांबल्यानंतरही काही वेळ आकडा छान दिसत राहतो. श्वास थांबल्याचं लगेच कळतं ते बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड मोजणाऱ्या कॅप्नोग्राफवर. अमेरिकेतल्या भूलतज्ज्ञांच्या संघटनेनं मध्यम आणि खोल गुंगीसाठी तो २०११ मध्ये आवश्यक ठरवला. मला विचाराल तर हे वीस वर्षं उशिरा झालं.

इंग्लंडनं स्वतःची झाडाझडती प्रामाणिकपणे घेतली. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १४,१४९ जठर-तपासण्यांचा हिशेब होता: गंभीर त्रास २०० मध्ये एकाला, मृत्यू २००० मध्ये एक. २००४ च्या राष्ट्रीय चौकशीत मृत्यू झालेल्या रुग्णांपैकी १४ टक्क्यांना दिलेली गुंगी अयोग्य आढळली, आणि त्यात नेहमीचं कारण जास्त डोस. २००८ मध्ये मिडाझोलामच्या तीव्र कुप्या सरसकट हाताशी ठेवू नयेत, असा इशारा निघाला. कुपीच सौम्य ठेवली की दमलेल्या हाताकडूनही मोठी चूक होणं अवघड. हा उपाय मला सगळ्यात शहाणा वाटतो.

दरम्यान प्रोपोफॉल आलं. झटकन झोप, झटकन जाग, रुग्ण खूश. पण मिडाझोलामवर फ्लुमाझेनिलचा उतारा आहे, प्रोपोफॉलला उताराच नाही. हलकी गुंगी आणि पूर्ण भूल यांत काही थेंबांचं अंतर. २०१४ मध्ये न्यूयॉर्कला जोन रिव्हर्स या प्रसिद्ध विनोदी कलावतीचा मृत्यू अशाच तपासणीत प्राणवायू न पोचल्यानं मेंदूला झालेल्या इजेमुळे झाला. दुर्बीण धरणाऱ्याचे डोळे पडद्यावर असणारच, असायलाच हवेत. म्हणून श्वासाकडे बघणारा माणूस वेगळा हवा, आणि त्याला त्या वेळी दुसरं काम नको. आपल्याकडे तालुक्याच्या ठिकाणी हे खर्चाचं वाटतं, हे खरं. पण काटकसर करायची ही जागा नव्हे.

गेल्या काही वर्षांत प्रश्नांची यादी वाढली आहे. सेमाग्लुटाइडसारख्या औषधांनी जठर सावकाश रिकामं होतं, उपाशी माणसाच्या पोटातही अन्न सापडतं आणि ते गुंगीत फुप्फुसात उतरू शकतं; त्याबद्दल २०२३ मध्ये सूचना निघाल्या. आता साखरेचं किंवा वजनाचं इंजेक्शन चालू आहे का, हे आधी विचारायला हवं. रात्री घोरता का, श्वास अडकून दचकून जागे होता का, हा जुना प्रश्न मात्र अजूनही घाईत राहून जातो. तो घरच्यांना विचारावा, कारण झोपलेल्या माणसाला स्वतःचं घोरणं ऐकू येत नाही.