थ्रेड पूल : हाकेची वाट पाहणारे कामगार

दहा हजार फोटोंच्या छोट्या प्रती करायच्या आहेत आणि समोर आठ कोअरचा संगणक आहे. नवशिका प्रोग्रामर सरळ दर फोटोमागे एक थ्रेड सुरू करतो. लिनक्सवर एका थ्रेडच्या स्टॅकसाठी सहसा ८ एमबी जागा राखून ठेवली जाते, म्हणजे दहा हजारांसाठी सुमारे ८० जीबी. ही जागा लगेच भरत नाही हे खरं. पण दहा हजार फोटो एकदम उघडले, तर मेमरी नक्की भरते. शिवाय एका वेळी पुढे सरकणार आठच.

पंगतीत दर पानाला नवा वाढपी कोणी बोलावत नाही. मोजके वाढपी सगळी पंगत सांभाळतात. थ्रेड पूलही तसाच चालतो. ठरावीक थ्रेड सुरुवातीलाच उभे करायचे, कामं रांगेत टाकायची आणि जो मोकळा होईल त्याने पुढचं काम उचलायचं.

साधा पूल साठ-सत्तर ओळींत लिहून होतो. त्यात कामांची रांग असते आणि रांगेला एका वेळी एकानेच हात लावावा म्हणून कुलूप, म्हणजे म्युटेक्स. रांग रिकामी असताना कामगारांनी झोपावं आणि काम आल्यावर उठावं, यासाठी कंडिशन व्हेरिएबल. प्रत्येक कामगाराचा क्रम ठरलेला : कुलूप घे, रांग रिकामी असेल तर झोप, काम असेल तर उचल, कुलूप सोड आणि मगच काम कर. कुलूप हातात धरूनच काम केलं, तर आठ कामगार असूनही काम एकाच्याच वेगाने होतं.

यातली ‘झोप’ मला सर्वांत शिकण्यासारखी वाटते. संगणकशास्त्रज्ञ टोनी होअर यांच्या १९७४च्या मांडणीत, हाक आली की झोपलेला थ्रेड तत्क्षणी पुढे जाई. हाक मारली तेव्हाची परिस्थिती त्याला तशीच सापडे. झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रातल्या मेसा भाषेने हा नियम सैल केला आणि १९८०च्या निबंधात बटलर लॅम्पसन व डेव्हिड रेडेल यांनी त्याचा अनुभव मांडला. तिथे हाक म्हणजे नुसती सूचना. जागा होईपर्यंत दुसऱ्याने काम पळवलेलं असू शकतं. आज पोझिक्स, जावा आणि सी प्लस प्लस याच वाटेने चालतात. म्हणून उठल्यावर रांग पुन्हा तपासायची. तिथे ‘इफ’ नाही, ‘व्हाइल’ लागतो.

जावात थ्रेड पूल घरोघरी पोचला तो २००४ साली, जावा ५ बरोबर. ऑस्विगोच्या विद्यापीठातले प्राध्यापक डग ली यांच्या पुढाकाराने त्यात आलेल्या कोड-संग्रहात तयार पूल मिळाला. पण त्यातल्या ठरावीक संख्येच्या पूलची रांग अमर्याद असते. कामं उपसण्याच्या वेगापेक्षा जास्त वेगाने आली, तर रांग मेमरी खात राहते. म्हणून रांगेला मर्यादा हवी आणि ती भरल्यावर काय करायचं हेही ठरलेलं हवं. जावातला एक पर्याय मला फार आवडतो : ज्याने काम आणलं, त्यानेच ते करावं. काम करण्यात तो गुंतला, की नवी कामं आणण्याचा वेग आपोआप मंदावतो.

थ्रेड किती ठेवायचे? नुसतं गणित असेल तर कोअर असतील साधारण तितके. काम डिस्क किंवा नेटवर्कची वाट पाहत असेल तर जास्त : काम करण्याच्या तिप्पट वेळ वाट पाहण्यात जात असेल, तर आठ कोअरला बत्तीस. मात्र पूलमधल्या कामाने त्याच पूलमध्ये दुसरं काम टाकून त्याच्या उत्तरासाठी थांबू नये. सगळेच कामगार असे थांबले, तर ती कामं करायला कोणी उरत नाही.

२०२३च्या जावा २१मध्ये व्हर्च्युअल थ्रेड आले. ते इतके स्वस्त आहेत की त्यांचा पूल करू नये, असाच सल्ला दिला जातो. तरी त्यांना वाहून नेणारे खरे थ्रेड खाली एका पूलमध्येच असतात.

मी सी प्लस प्लसमध्ये पहिला पूल लिहिला, तेव्हा कामं बिनचूक व्हायची, पण प्रोग्राम संपायचा नाही. बंद करताना मी एकालाच हाक मारत होतो. तो उठून निघून जाई. उरलेले सात झोपलेले, आणि मुख्य थ्रेड त्यांच्या परतण्याची वाट पाहत उभा. सगळ्यांना हाक मारू लागलो, तरी क्वचित प्रोग्राम अडकेच. मग कळलं की ‘थांबा’चा झेंडा मी कुलूप न घेता उभारत होतो. एखादा कामगार झेंडा नाही हे पाहून झोपायला निघालेला असे आणि नेमक्या त्या फटीत हाक येऊन जाई. झेंडा कुलपाच्या आत नेला आणि प्रोग्राम दर वेळी संपू लागला.

तेव्हापासून पूल लिहायला घेतला, की आधी तो बंद कसा होईल ते मी लिहितो. कामगार उभे करण्याचा भाग शेवटी.