ऐकणारी गावे

तालुक्याच्या गावी, कुठे हिवाळ्याच्या मध्यावर तर कुठे वैशाखाच्या उकाड्यात, वाचनालयाच्या पटांगणावर किंवा शाळेच्या मैदानात मांडव पडतो, पंचक्रोशीत हस्तपत्रके वाटली जातात, आणि ज्याचे नाव आजवर पुस्तकाच्या मुखपृष्ठावरच वाचले तो लेखक सदेह येऊन आपल्यापुढे बोलणार या वार्तेने शिक्षक, वकील, किराणा दुकानदार, निवृत्त तलाठी आणि दिवसभराचे रान उरकून आलेला शेतकरी एका सतरंजीवर येऊन बसतात, ही गोष्ट मराठी माणसाच्या इतकी अंगवळणी पडली आहे की तिचे त्याला नवल वाटत नाही. मला मात्र ते उत्तरोत्तर अधिकच वाटत आले आहे. व्याख्यानास येण्याची सक्ती कोणावर नसते. त्यातून कोणाचा दावा निकाली निघत नाही, की कोणाच्या सातबाऱ्यावर नवी नोंद चढत नाही. आणि तरीही, ज्या गावात धड बसस्थानक नव्हते अशा गावांनी व्याख्यानमाला आणि साहित्यसंमेलने पिढ्यान् पिढ्या पदरमोड करून चालविली.

या रिवाजाचे मूळ पुण्याकडे जाते. न्यायखात्यात नोकरी करीत असतानाच न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, आणि तीन वर्षांनी, ११ मे १८७८ रोजी, लोकहितवादींच्या साहाय्याने ग्रंथकारांचे पहिले संमेलन हिराबागेत भरविले. दुसरे संमेलन १८८५ साली भरले, त्याचे निमंत्रण महात्मा फुल्यांनी नाकारले. ज्यांच्या कष्टांवर समाज उभा आहे त्या शूद्रातिशूद्रांच्या दुःखाला ज्या सभेत स्थान नाही तिच्यात आपण का बसावे, असा त्यांच्या पत्राचा आशय होता. संमेलनांचे इतिहास लिहिताना हे पत्र एका परिच्छेदात आटोपून पुढे जाण्याचा शिरस्ता आहे. माझ्या मते मात्र या संस्थेची सनद रानड्यांच्या आवाहनाइतकीच या नकारातही लिहिलेली आहे, कारण मांडवात कोण बसले आहे आणि कोण बाहेर राहिले आहे, हा प्रश्न तिला त्या दिवसापासून चुकविता आलेला नाही.

पुण्याचा हा रिवाज खेड्यात कसा रुजला हे पाहावयाचे तर सांगली जिल्ह्यातील, आजच्या पलूस तालुक्यातील, औदुंबर या गावी जावे. कृष्णेच्या काठावर उंबरांच्या गर्द सावलीत दत्ताचे स्थान आहे. नृसिंहसरस्वतींनी येथे चातुर्मास केला अशी श्रद्धा असल्यामुळे घाटावर यात्रेकरूंची वर्दळ बारमाही असते. पैलतीरी भुवनेश्वरीचे देऊळ आहे. देवस्थानाच्या पुण्याईवर कोणतेही गाव सुखाने निद्रिस्त राहू शकले असते. परंतु येथे ह. न. जोशी नावाचा एक तरुण निपजला, त्याने सुधांशु या नावाने कविता लिहिली, आणि स्वातंत्र्यापूर्वीच समवयस्क मित्रांना हाताशी धरून मकरसंक्रांतीच्या दिवशी साहित्यसंमेलन भरविण्याचा प्रघात पाडला. सदानंद साहित्य मंडळाच्या विद्यमाने तो पुढे वर्षानुवर्षे चालत आला. सुधांशूंची दत्तभक्तीची गीते आर. एन. पराडकरांच्या आवाजात घरोघरी पोचली, त्यांना महाराष्ट्रभर कीर्ती मिळाली, आणि तरी त्यांनी आपले बिऱ्हाड मुंबई-पुण्यास हलविले नाही.

दिवसाची ही निवड मला फार मार्मिक वाटते. संक्रांत हा सण सूर्याच्या गतीशी बांधलेला असल्याने त्याची तारीख फारशी हलत नाही. त्यामुळे निमंत्रणपत्रिका हाती पडली नाही तरी संमेलन कधी आहे हे पंचक्रोशीतल्या पोरासोरांनाही ठाऊक असते. त्या दिवशी कोणीही कोणाच्याही दारी तिळगूळ घेऊन जाऊ शकतो, म्हणून परगावचा लेखक पाहुणा न राहता घरचा होतो. हंगामही अनुकूल: रब्बीची ज्वारी पोटऱ्यांतून बाहेर आलेली, हुरड्याचे दिवस तोंडावर, नदीचे पाणी निवळलेले. व्याख्यान ऐकण्यास लागणारी मनाची निवांतता शेतकऱ्याला वर्षातून ज्या मोजक्या दिवशी लाभते त्यांपैकी हा एक होय, आणि संमेलनाचा दिवस सभागृहाच्या सोयीने न ठरविता गावाच्या पंचांगाने ठरविण्यात या मंडळींनी जे शहाणपण दाखविले त्याची बरोबरी पुढच्या काळातल्या कितीतरी सधन संयोजकांना साधली नाही.

औदुंबर हे काही ओसाडीतले एकुलते एक झाड नव्हे. जवळच्याच किर्लोस्करवाडीत, जेथे नांगर आणि चरक घडत होते त्या कारखान्याच्या वसाहतीत, शंकरराव किर्लोस्करांनी १९२० साली सुरू केलेले मासिक छापले जाई. ‘स्त्री’ १९३० साली तेथूनच निघाले आणि ‘मनोहर’ १९३४ साली. वाळवे तालुक्यातल्या वाटेगावी अण्णा भाऊ साठे जन्मले. १९५८ साली मुंबईस भरलेल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन त्यांनी केले, आणि फुल्यांनी विचारलेला प्रश्न त्या मांडवात प्रथमच त्या प्रश्नाच्या खऱ्या धन्यांनी हाती घेतला. याच जिल्ह्याच्या दुष्काळी पूर्वभागाने, पावसाने कायम पाठ फिरविलेल्या आटपाडी-माडगूळच्या टापूने, अखिल भारतीय संमेलनाला तीन अध्यक्ष दिले: १९७३ साली यवतमाळास ग. दि. माडगूळकर, १९८३ साली अंबाजोगाईस त्यांचे धाकटे बंधू व्यंकटेश, आणि १९८४ साली जळगावास ‘तराळ-अंतराळ’चे लेखक शंकरराव खरात. विद्यापीठ नाही, मोठी ग्रंथालये नाहीत, अशा मुलखात हे कसे घडले याची मीमांसा करताना लोक प्रतिभेचा हवाला देतात. प्रतिभा होतीच; परंतु कीर्तन, भारूड, तमाशा आणि व्याख्यान ऐकून कान तयार झालेले गाव तिच्या पाठीशी होते, हे कारण मला कमी महत्त्वाचे वाटत नाही.

या तयार कानाची खरी पारख कथाकथनाने केली. व्यंकटेश माडगूळकर, शंकर पाटील आणि द. मा. मिरासदार हे तिघे एकत्र फिरत, आणि एका रात्रीत एकामागून एक आपापल्या कथा सांगत. हातात कागद नसे. शंकर पाटलांनी ‘धिंड’ सांगावी, मिरासदारांनी ‘व्यंकूची शिकवणी’ सांगावी, आणि ज्यांनी उभ्या जन्मात कथासंग्रह उघडला नव्हता त्यांनी त्यातले प्रत्येक पात्र आपल्या आळीतले म्हणून ओळखावे. छापील कथा वाचणे आणि ती तिच्या कर्त्याकडून ऐकणे यांत मोठे अंतर आहे. कथाकथनकार वाक्य संपवून थांबतो तेव्हा तो श्रोत्यांकडून काहीतरी मागत असतो. हशा आला तर तो विरण्याच्या किंचित आधी पुढचे वाक्य टाकावे लागते, आणि अपेक्षित ठिकाणी शांतता पडली तर ती मोडू न देता आवाज खाली आणावा लागतो. हे शिक्षण लेखकाला मांडवातच मिळते. कोणता शब्द शेवटच्या रांगेतल्या म्हातारीपर्यंत पोचतो आणि कोणता ध्वनिक्षेपकाच्या भोंग्यातच अडकून राहतो, हे एकदा कळले की लिहिण्याची रीतही बदलते. बोलीच्या लयीवर उभे राहिलेले या तिघांचे गद्य श्रोत्यांच्या सहवासात अधिक सुघड झाले, असे माझे मत आहे. हेच कवितेच्या बाबतीत विंदा करंदीकर, वसंत बापट आणि मंगेश पाडगावकर यांच्या काव्यवाचनांनी केले.

अशा कार्यक्रमामागचा सरंजाम बाहेरच्या माणसाला दिसत नाही. दिवाळी सरली की मंडळाचे कार्यवाह पावतीपुस्तक घेऊन बाजारपेठ फिरू लागतात. कापडदुकानदार, सोसायटी, दूधसंघ, डॉक्टर असा क्रम ठरलेला असतो, आणि कोणी किती दिले यापेक्षा गतवर्षीपेक्षा कमी का दिले याचीच चर्चा अधिक होते. वक्त्याशी पत्रव्यवहार, मग दूरध्वनी, त्याच्या पथ्यपाण्याची चौकशी, मुक्कामाची तजवीज. लॉज असले तरी पाहुणा घरी उतरावा असा आग्रह असतो, आणि ज्यांच्या घरी तो उतरतो त्या वहिनींनी पहाटे उठून केलेला स्वयंपाक रोजकीर्दीत कोठेच जमा होत नाही. मानधनाचे पाकीट देताना कार्यवाह ओशाळतो, घेताना वक्ता संकोचतो. हा संकोच दोघांनीही सोडावा, असे मी स्पष्ट म्हणेन. लेखकाचा वेळ हा त्याच्या उपजीविकेचा भाग आहे, आणि मंडपवाल्याला, ध्वनिक्षेपकवाल्याला ठरलेली रक्कम बिनबोभाट देणाऱ्या संस्थेने ज्याच्यासाठी मांडव घातला त्याच्या हाती शाल आणि श्रीफळ ठेवून हात जोडणे न्यायाचे नाही.

सत्कारांविषयीही मला बोलले पाहिजे. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, प्रास्ताविक, परिचय, व्यासपीठावरील प्रत्येकाचा पुष्पगुच्छाने सन्मान, आणि देणगीदारांच्या नामावळीचे वाचन, हे सारे होईपर्यंत श्रोत्यांच्या अवधानाचा उत्तम भाग खर्ची पडलेला असतो. मुख्य वक्ता उभा राहतो तेव्हा मागच्या रांगेत मुले पेंगत असतात, आणि शेवटची एस.टी. गाठणारे चपला शोधू लागलेले असतात. गावाला आपल्या माणसांचे कौतुक करावेसे वाटते, ही भावना निर्मळ आहे, आणि तिच्यासाठी दुपारचा वेगळा समारंभ ठेवण्यास काही हरकत नाही. संध्याकाळ ही बोलणाऱ्याची आणि ऐकणाऱ्यांची आहे.

बोललेल्या शब्दाचे वजन लहान गावात किती वाढते, हे कऱ्हाडने दाखविले. १९७५ च्या डिसेंबरात तेथे एकावन्नावे संमेलन भरले. आणीबाणी लागू होऊन काही महिने झाले होते. स्वागताध्यक्ष होते यशवंतराव चव्हाण, म्हणजे ती लादणाऱ्या केंद्रीय मंत्रिमंडळातले परराष्ट्रमंत्री. आणि अध्यक्षपदावरून दुर्गाबाई भागवत बोलल्या त्या लेखकाच्या स्वातंत्र्याविषयी, निर्भयपणे, आजारी जयप्रकाश नारायणांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करण्याचे आवाहन करून. पुढच्या वर्षी त्यांना कारावास भोगावा लागला. वृत्तपत्रांची मुस्कटदाबी चालू असता, हे शब्द कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावरच्या गावातून उच्चारले गेले आणि माणसांनी ते तोंडोतोंडी आपापल्या गावी नेले.

परंतु व्याख्यान कितीही श्रेष्ठ असले तरी ते ऐकून घरी जावयाचे असते. ज्याच्या दप्तरात एखादी अर्धीमुर्धी कथा दडलेली आहे त्या मुलाला भाषणातून उमेद मिळते, हात मिळत नाही. तो हात कार्यशाळेत मिळतो, आणि म्हणूनच अलीकडे संमेलनाच्या कार्यक्रमपत्रिकेत हा शब्द दिसू लागला याचा मला मनापासून आनंद होतो. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकाला अनुदान देण्याची योजना आखली आणि त्यांच्यासाठी कार्यशाळाही घेतल्या. हे काम गावोगावच्या वाचनालयांनी आपले म्हणून उचलण्याजोगे आहे.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, पावसाळ्याच्या तोंडावर, अशी एक कार्यशाळा मी पाहिली. वाचनालयाच्या माडीवर वीस-बावीस मुलेमुली गोल बसली होती, आणि मध्यभागी एक वयोवृद्ध कथाकार. एका ऊसतोड कामगाराच्या मुलाने, जो स्वतःही आईबापांबरोबर फडात जात असे, आपली कथा वाचावयास घेतली. आरंभीचे अख्खे पान पूर्वदिशेच्या लालिम्याने आणि पाखरांच्या किलबिलाटाने भरले होते. वृद्ध गृहस्थांनी ते शेवटपर्यंत ऐकून घेतले, आणि मग विचारले, “बाळा, पहाटे फडात उतरलास की हाताला पहिल्यांदा काय लागतं?”

मुलगा गोंधळला. “पाचट, सर.”

“कसं असतं?”

“वलं असतंय दवानं. कापतंय. बोटं चिरत्यात, पण थंडीनं कळत न्हाई. नंतर उन्हं आली की आग व्हती.”

“आणि आई?”

“आई मोळ्या बांधती. वाढ्यानंच बांधती. बापू तोडतो, मी वाढी सवळतो.”

“हे लिहिलंस का कुठं?”

“न्हाई सर. हे काय लिहायचं?”

“हेच लिहायचं. ते पान राहू दे बाजूला. तू जे आत्ता बोललास तिथून सुरू कर.”

मुलाने तिथल्या तिथे वहीचे कोरे पान काढले आणि लिहावयास बसला. दुपारी त्याने पुन्हा वाचले त्यात मुकादमाची उचल होती, कोपीत, म्हणजे पाचटाच्या खोपटात, निजलेली धाकटी बहीण होती, कोयत्याला धार लावताना होणारा कानशीचा आवाज होता, आणि किलबिलाट नव्हता. इतरांनी ते ऐकले, आणि दुसऱ्या दिवशी एका मुलीनेही आपली आधीची कविता वाचण्याचे नाकारून रात्री जागून लिहिलेली नवी वाचली.

असा मुलगा संमेलनाच्या मांडवात मात्र सहसा दिसत नाही, आणि याचे कारण मराठवाड्यात संमेलने भरत नाहीत हे नव्हे. अंबाजोगाईला व्यंकटेश माडगूळकर अध्यक्ष होते. १९८५ साली नांदेडला शंकर पाटील, आणि १९९८ साली परळी वैजनाथला मिरासदार. फिरत्या कथाकथनाच्या त्या तिन्ही सोबत्यांना अध्यक्षपदाचा मान मराठवाड्याच्याच भूमीवर मिळाला, आणि त्यांतले दोन बीड जिल्ह्यात. त्याच जिल्ह्यातून दरवर्षी दिवाळीच्या सुमारास हजारो कुटुंबे ट्रकांत बसून उसाच्या मुलखात उतरतात आणि उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. संमेलनांचा मोसम नेमका या काळात पडतो. परळी-अंबाजोगाईला माघात मांडव पडतो तेव्हा तिथल्या ज्या तरुणांनी त्यात बसावे ते दूर कृष्णाकाठच्या फडात असतात. संक्रांतीला औदुंबरास कविसंमेलन रंगते तेव्हा त्या पंचक्रोशीतल्या कोपींतून राहणाऱ्यांना पहाटेपासून तोडणी आणि रात्री-अपरात्री आलेली गाडी भरणे सुटत नाही.

याला इलाज आहे, आणि तो फार खर्चाचा नाही. बीड, केज, धारूर, परळी येथील वाचनालयांनी आपली कार्यशाळा मेच्या मध्यापासून पेरणीपर्यंतच्या दिवसांत धरावी. तेव्हा घरे भरलेली असतात आणि हाताला काम थोडे असते. आणि कृष्णाकाठच्या मंडळांनी हंगामात तोडणीला खंड पडलेली एखादी दुपार पाहून मुकादमांच्या कानावर घालून ठेवावे, एक कथाकार आणि वह्यांचा गठ्ठा घेऊन कोपींच्या तळावर जावे, आणि तेथे व्याख्यान न देता आधी ऐकावयास बसावे. वह्यांचा खर्च एका दिवसाच्या पुष्पगुच्छांतून सहज निघेल.