आभासी यंत्र, यूएसबी साधने आणि फाइलींची सुरक्षितता

प्रस्तावना :

महाविद्यालयीन संगणकावर बाहेरून येणाऱ्या फाइलींचा मोठा भाग आजही पेन ड्राइव्हमार्गे येतो. विद्यार्थ्यांचे प्रकल्प अहवाल, चर्चासत्रातील सादरीकरणे, टंकलेखनाच्या दुकानातून परत आलेले शोधनिबंध ही त्याची नेहमीची उदाहरणे होत. त्याबरोबर येणाऱ्या व्हायरसवर उपाय म्हणून ‘संशयास्पद पेन ड्राइव्ह आभासी यंत्रात उघडावा, मूळ संगणक सुरक्षित राहतो’ असे सांगितले जाते. हे विधान अर्धेच खरे आहे. ते कोठपर्यंत खरे ठरते व त्यापुढे फाइलींचे रक्षण कसे करावे, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे. विवेचनासाठी व्हर्च्युअलबॉक्स ही प्रणाली घेतली आहे. २००७ पासून ती उपलब्ध असून तिचा मूळ भाग मुक्त स्रोत परवान्याखाली विनामूल्य मिळतो.

जोडणी म्हणजे ताब्याचा बदल :

आभासी यंत्र म्हणजे संगणकातच सॉफ्टवेअरच्या साह्याने उभा केलेला दुसरा संगणक. प्रत्यक्ष संगणकास यजमान व आत चालणाऱ्या प्रणालीस पाहुणी प्रणाली असे म्हणू. पाहुण्या प्रणालीची संपूर्ण हार्ड डिस्क ही यजमानाच्या दृष्टीने केवळ एक मोठी फाइल असते.

यूएसबी साधनाची गोष्ट वेगळी आहे. ग्रंथालयातील एकच प्रत असलेले पुस्तक जसे एका वेळी एकाच वाचकाच्या नावावर असते, तसे साधन एका वेळी एकाच प्रणालीच्या ताब्यात असते. व्हर्च्युअलबॉक्सच्या मेनूतून पेन ड्राइव्ह पाहुण्या प्रणालीस दिला की तो यजमानाच्या यादीतून नाहीसा होतो. पुष्कळ जण येथे ड्राइव्ह बिघडला असे समजून तो उपसून काढतात आणि मग तो खरोखरच बिघडतो! कारण लिहावयाची माहिती त्या क्षणी पाहुण्या प्रणालीच्या स्मृतीत शिल्लक असू शकते. मेनूतील खूण काढणे हेदेखील पाहुण्या प्रणालीच्या दृष्टीने ड्राइव्ह उपसण्यासारखेच आहे. म्हणून प्रथम पाहुण्या प्रणालीत सुरक्षितपणे काढण्याची आज्ञा द्यावी, नंतर मेनूतील खूण काढावी आणि शेवटी हात लावावा.

जोडणी न होण्याची कारणे बहुधा साधी असतात. यजमान लिनक्स असल्यास वापरकर्ता ‘व्हीबॉक्सयूजर्स’ या गटात असावा लागतो. यूएसबी २.० व ३.० साठी पूर्वी वेगळा एक्स्टेन्शन पॅक लागत असे. २०२२ मधील ७.० आवृत्तीपासून ही सोय मूळ भागातच आली आहे. विंडोज एक्सपी किंवा विंडोज ७ ही पाहुणी प्रणाली असेल तर २.० हा पर्याय निवडावा, कारण या दोहोंत ३.० चा चालक मुळात नाही.

भिंत कोठे संपते :

ताबा बदलण्यापूर्वी ड्राइव्ह कोणाकडे होता, हा खरा प्रश्न आहे. ड्राइव्ह लावून मग मेनूतून तो पाहुण्या प्रणालीस दिला, तर मधल्या काळात यजमानाने तो वाचलेला असतो. २०१० मध्ये उघडकीस आलेल्या स्टक्सनेटने विंडोजच्या शॉर्टकट फाइलींतील दोषाचा उपयोग केला होता. त्यात फाइल उघडण्याचीही गरज नव्हती, तिचे चिन्ह पडद्यावर दिसणे पुरेसे होते. यावर व्हर्च्युअलबॉक्समधील यूएसबी फिल्टर उपयोगी पडतो. उत्पादकाचा क्रमांक फिल्टरमध्ये आधी नोंदवून यंत्र चालू ठेवले, तर लावलेला ड्राइव्ह थेट पाहुण्या प्रणालीकडे जातो. फिल्टरचे सर्व रकाने रिकामे सोडू नयेत. रिकामा फिल्टर प्रत्येक साधनास लागू होतो व कीबोर्ड-माऊसही त्यात ओढले जाण्याची शक्यता असते.

तथापि फिल्टर ही काही अभेद्य भिंत नव्हे. २०१४ मध्ये कार्स्टेन नोल व याकोब लेल यांनी ‘बॅडयूएसबी’ या नावाने दाखवून दिले की, पेन ड्राइव्हमधील नियंत्रक चिपचा प्रोग्रॅम बदलून त्याला कीबोर्ड असल्याची बतावणी करावयास लावता येते. वेगळा क्रमांक सांगणारे असे साधन फिल्टरला चुकवून यजमानाकडेच जाईल. मार्च २०२४ मध्ये व्हीएमवेअरच्या आभासी यूएसबी नियंत्रकातच गंभीर दोष आढळले आणि तात्पुरता उपाय म्हणून यंत्रातून तो नियंत्रक काढून टाकण्याचा सल्ला कंपनीस द्यावा लागला. ज्या यंत्रास यूएसबीची गरज नाही, त्यात तो मुळीच ठेवू नये.

प्रत्यक्षात मात्र सर्वांत मोठे दार आपणच उघडे ठेवतो. ते म्हणजे सामाईक फोल्डर. ‘माय डॉक्युमेंट्स’ संपूर्णपणे, लिहिण्याच्या मुभेसह, पाहुण्या प्रणालीस दिले की तेथील रॅन्समवेअर यजमानाच्या फाइलीही कुलूपबंद करू शकते. येथे भिंत असणे वा नसणे सारखेच.

जुन्या मराठी फाइलींचा प्रश्न :

या सर्व सोयीचा आपल्याकडील सर्वांत रास्त उपयोग मला वेगळाच वाटतो. अनेक महाविद्यालयांची वार्षिके व शोधप्रबंध पेजमेकरमध्ये, युनिकोडपूर्व मराठी फाँटमध्ये जुळवलेले आहेत. पेजमेकरची ७.० ही अखेरची मुख्य आवृत्ती २००१ ची. विंडोज एक्सपीचा आधार ८ एप्रिल २०१४ रोजी संपला. शिवाय मराठी डीटीपीची काही पॅकेजेस हार्डवेअर लॉक लावल्याशिवाय चालत नसत. तो लॉक यूएसबीचा असेल तर एक्सपीच्या आभासी यंत्रास तो फिल्टरने देता येतो. प्रिंटरच्या जुन्या रुंद पोर्टचा असेल तर बाजारातील यूएसबी जोडणी सहसा कामी येत नाही.

अशा यंत्राचे नेटवर्क बंद ठेवावे. मूळ फाइलींचा फोल्डर केवळ वाचण्यासाठी सामाईक करावा आणि तयार काम ठेवण्यासाठी दुसरा, रिकामा फोल्डर द्यावा. काही बिघडल्यास पूर्वस्थितीवर येण्यासाठी स्नॅपशॉट घेता येतो, पण त्यास बॅकअप समजू नये. स्नॅपशॉट त्याच संगणकावर, मूळ डिस्क-फाइलीवर विसंबून असतो. ती फाइल गेली की तोही गेला. जोडलेल्या पेन ड्राइव्हवरून पुसलेली फाइल तर स्नॅपशॉटने परत येतच नाही, कारण तो ड्राइव्ह आभासी डिस्कचा भागच नव्हे. यंत्र बंद करून संपूर्ण फोल्डरची प्रत दुसऱ्या डिस्कवर घ्यावी आणि ती डिस्क काढून ठेवावी.

लॉक स्वतः मात्र प्रत करता येण्याजोगा नसतो. तो चालू आहे तोवर प्रत्येक फाइलीची, फाँट अंतर्भूत केलेली पीडीएफ काढून घ्यावी. छापण्या-वाचण्यापुरते काम त्याने भागते. शोधता येईल असा मजकूर हवा असेल तर युनिकोडमध्ये वेगळे रूपांतर करावे लागते, आणि त्यानंतर रफार, ऱ्हस्व वेलांटी व जोडाक्षरे मूळ छापील पानाशी ताडून पाहावी लागतात.